उजवा डोळा

"या वेळेला जरा ब्लाइंड आय टर्न कर यार, पुढच्या क्वार्टरला बघू," असं आमचे साहेब म्हणाले आणि मला फिस्सकन हसू आलं. त्यांना वाटलं मी हो म्हणालो. तसं बघितलं तर मी हो म्हणालोच, पण ते नंतर सांगतो. हसू आलं त्याचं कारण साहेबांना माहीत नव्हतं, ऑफिसात फारसं कुणालाच माहीत नाही, ते म्हणजे असा एक डोळा माझ्याकडे खरोखरच आहे. उजवा. बघणाऱ्याला कळत नाही, बुबुळ नीट, पापणी नीट, झोपेत दोन्ही डोळे सारखे मिटतात. फक्त डावा झाकला की उजव्याने मला समोरच्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी एक बटाटा दिसतो.

नऊ वर्षांचा असताना शाळेत डोळे तपासायला डॉक्टर आले होते तेव्हा हे कळलं. आळशी डोळा, असं त्यांनी आईला सांगितलं आणि आईने माझ्याकडे असं बघितलं की कार्ट्याचा आळस आता डोळ्यापर्यंत पोचला. मग डाव्या, म्हणजे चांगल्या डोळ्याला पट्टी लावायची आणि आळशाला कामाला लावायचं असा प्रकार सुरू झाला. रोज संध्याकाळी दोन-तीन तास पट्टी लावून मी भिंतींना धडकत फिरायचो. वर्गात माझं नाव शुक्राचार्य पडलं, ते दहावीपर्यंत टिकलं, डोळा काही सुधारला नाही कारण लहान वयात सुरुवात करावी लागते आणि आम्ही उशिरा पोचलो होतो.

या आजारात डोळ्यात तसं काही बिघडलेलं नसतं हे मला पुष्कळ उशिरा समजलं. भिंग ठीक, पडदा ठीक, नस ठीक. लहानपणी त्या डोळ्याकडून येणारं चित्र धूसर असतं, नंबर जास्त असतो किंवा डोळा तिरळा असतो, आणि दोन डोळ्यांची दोन चित्रं जुळवत बसण्यापेक्षा मेंदू सरळ एक चित्र घेणंच बंद करतो. चित्र येतंय, रोज येतंय, वरचा साहेब ते उघडूनच बघत नाही. म्हणजे माझा मेंदूच माझ्या डोळ्याकडे कानाडोळा करतो. चाळीस वर्षं करतोय. त्यामुळे मला थ्री-डी सिनेमा कळत नाही, क्रिकेटमध्ये कॅच कधी घेता आला नाही, आणि चहा ओतताना पहिली धार हमखास बशीत. बायको म्हणते तू ओतूच नकोस, आणि ते मला एकंदरीत सोयीचं पडलंय.

तर साहेबांच्या त्या वाक्यानंतर घरी येऊन मी 'टर्न अ ब्लाइंड आय', म्हणजे बघून न बघितल्यासारखं करणं, या वाक्प्रचाराच्या मागे लागलो. इंग्रजीतल्या पुष्कळ वाक्प्रचारांची जन्मकथा कुणीतरी नंतर रचलेली असते, चौकशी केली की फुसकी निघते. हा वाक्प्रचारही गोष्टीच्या शंभरेक वर्षं आधीपासून चालत आलेला, पण त्याला जोडलेली गोष्ट मात्र तारीखवार, जागेसकट आणि साक्षीदारासकट आहे. आणि गोष्टीतला डोळाही उजवाच. मला उगाचच आपल्या गावचं कुणीतरी भेटल्यासारखं झालं.

२ एप्रिल १८०१, कोपनहेगन. डेन्मार्कच्या राजधानीसमोरच्या अरुंद पाण्यात इंग्रजांचं आरमार घुसलेलं. भांडणाचं कारण व्यापाराचं होतं. इंग्लंड-फ्रान्सची लढाई चालू होती, इंग्रज तटस्थ देशांची जहाजं अडवून झडती घ्यायचे, त्याला कंटाळून रशिया, स्वीडन, डेन्मार्क आणि प्रशिया यांनी एकी केली, आणि ती एकी फोडायला इंग्रजांनी आरमार पाठवलं. त्याचा मुख्य ॲडमिरल सर हाइड पार्कर. साठी ओलांडलेला, नुकतंच अठरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलेला, आणि निघायच्या आधी यार्मथ बंदरात बायकोसाठी नाचाची पार्टी ठरवून बसलेला. त्याच्या हाताखाली दुय्यम म्हणून होरेशिओ नेल्सन. नेल्सनने वरती वशिला लावून ती पार्टी रद्द करवली आणि आरमार हललं. साहेब आणि असिस्टंट यांचे संबंध कसे असतील ते आलं लक्षात.

नेल्सनचा डोळा गेला होता १७९४ च्या जुलैत, कोर्सिका बेटावर, काल्वीच्या वेढ्यात. तोफगोळा जवळ आदळला आणि वाळू-खडे उडून उजव्या डोळ्यात गेले. डोळा बाहेरून शाबूत राहिला, फक्त उजेड-अंधार एवढंच त्यातून कळायचं. सिनेमा-नाटकात त्याला काळी पट्टी बांधून दाखवतात, ती त्याने कधीच बांधली नव्हती. म्हणजे माझ्यासारखंच, सांगितल्याशिवाय कुणाला कळणार नाही असा डोळा. (पट्टी मी बांधली होती, पण ती उलट्या डोळ्याला.) मग तीन वर्षांनी, १७९७ मध्ये, टेनेरीफच्या हल्ल्यात उजवा हातही गेला. ते लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

कोपनहेगनसमोरचं पाणी उथळ, म्हणून नेल्सनने आपलं मोठं जहाज सोडून 'एलिफंट' नावाच्या त्यापेक्षा कमी खोल बसणाऱ्या जहाजावर झेंडा हलवला आणि बारा लढाऊ जहाजं घेऊन आत गेला. पार्कर उरलेली जड जहाजं घेऊन मागे, काही मैल लांब थांबला. आत गेल्या गेल्या नेल्सनची तीन जहाजं गाळात रुतली. डेन लोक जागचे हलले नाहीत, किनाऱ्यालगत नांगरून ठेवलेल्या जुन्या गलबतांवरून आणि तराफ्यांवरून त्यांनी तीन तास असा मारा केला की इंग्रजांनाही तो अपेक्षित नव्हता. लांबून पार्करला काय दिसत होतं? धूर, आणि रुतलेल्या जहाजांवरचे अडचणीचे बावटे. दुपारी दीडच्या आसपास त्याने आपल्या जहाजावरून ३९ नंबरचा इशारा चढवला. त्या काळच्या आरमारात प्रत्येक हुकमाला नंबर असायचा आणि झेंड्यांनी तो नंबर दाखवायचे. ३९ म्हणजे लढाई थांबवा.

पुढचं सगळं आपल्याला माहीत आहे ते कर्नल विल्यम स्टुअर्ट नावाच्या लष्करी अधिकाऱ्यामुळे, तो त्या वेळी एलिफंटच्या डेकवर नेल्सनच्या बाजूलाच होता. इशारा सांगणाऱ्या लेफ्टनंटने वर्दी दिली. नेल्सनने ऐकलंच नाही असं करून फेऱ्या मारणं चालू ठेवलं. लेफ्टनंट पुन्हा समोर आला तेव्हा उलट त्यालाच विचारलं, आपला १६ नंबर अजून चढवलेलाच आहे ना? १६ म्हणजे शत्रूला आणखी जवळून भिडा. हो, चढवलेलाच आहे. मग तो तसाच राहू दे. पुन्हा फेऱ्या, आणि तुटक्या हाताचं खुंट वरखाली हलतंय, चिडला की ते हलायचं म्हणे. मग स्टुअर्टला म्हणाला, माहितीय का, सरसेनापतीच्या जहाजावर ३९ लावलाय. त्याचा अर्थ काय, स्टुअर्टने विचारलं. लढाई थांबवायची. थांबवायची! थांबवली तर शप्पथ! आणि मग जहाजाचा कॅप्टन फोली याच्याकडे वळून ते प्रसिद्ध वाक्य, की फोली, तुला माहीतच आहे मला एकच डोळा आहे, कधीकधी आंधळं असण्याचा मला हक्क आहे. असं म्हणून दुर्बीण आंधळ्या डोळ्याला लावली आणि म्हणाला, मला खरंच काही इशारा दिसत नाही.

आता जरा गंमत करून बघा. उजवा हात पाठीमागे ठेवा, डाव्या हातात लाटणं घ्या आणि ते उजव्या डोळ्याला लावा. नाकावरून आडवं न्यावं लागतं, कोपर विचित्र वर येतं. मी किचनमध्ये करून बघितलं, मुलगी म्हणाली बाबा काय चाललंय. डावा हात शिल्लक असलेला माणूस दुर्बीण आपोआप डाव्याच डोळ्याला लावणार. म्हणजे नेल्सनने हे चुकून किंवा घाईत केलेलं नाही, मुद्दाम, बघणाऱ्यांना नीट दिसेल असं केलं. प्रेक्षकांत फोली आणि स्टुअर्ट होते, आणि स्टुअर्टने ते लिहून ठेवलं. नाटकी माणूस होता तो, हे त्याचे चाहतेही कबूल करतात. त्याच दुपारी डोलकाठीवर गोळा बसून छिलके उडाले तेव्हा म्हणाला होता की काम गरमागरम आहे, आपल्यातला कुणीही कुठल्याही क्षणी जाईल, पण हजारो दिले तरी मी आत्ता दुसरीकडे नसतो.

नाटकाची शंका यायला आणखी एक कारण आहे. इशारा चढवायच्या आधी पार्करने आपल्या जहाजाचा कॅप्टन ऑटवे याला होडीतून नेल्सनकडे धाडलं होतं. त्याचा निरोप असा की माघार घेणं न घेणं तुझ्यावर. साहेब बिचारा उगाच खलनायक ठरला असं म्हणायला जागा आहे, आपण मागे हटायचा हुकूम दिला तर नेल्सनला हरल्याचा ठपका न लागता परतता येईल असाही त्याचा विचार असू शकतो. हिंमत करून असा इशारा लावणारा साहेब मला तरी अजून भेटायचाय.

पण या कथेत मला सगळ्यात जास्त टोचलं ते दुसरंच, आणि ते गोष्ट सांगताना सहसा गाळतात. नेल्सनच्या आरमाराच्या पुढच्या टोकाला छोटी फ्रिगेट जहाजं होती, त्यांचा प्रमुख कॅप्टन एडवर्ड रीऊ. समोर ट्रेक्रोनर नावाचा समुद्रातला किल्ला, त्याच्या मोठ्या तोफा, आणि याची जहाजं चिमुकली. धुरामुळे रीऊला नेल्सनचा १६ दिसेना, पार्करचा ३९ मात्र स्पष्ट दिसला. दोन्ही डोळे धड असलेला शिस्तीचा माणूस, त्याने हुकूम पाळला. वळताना 'ॲमेझॉन' या त्याच्या जहाजाची पाठ किल्ल्याकडे झाली आणि जहाजाची पाठ म्हणजे सगळ्यात कच्ची बाजू. डोक्याला लाकडाचा तुकडा लागून आधीच जखमी झालेला रीऊ तोफेवर बसून होता, म्हणाला, नेल्सन आपल्याबद्दल काय म्हणेल? थोड्या वेळात बाजूचा कारकून गेला, काही खलाशी गेले, आणि मग एका गोळ्याने रीऊचे दोन तुकडे झाले. नेल्सनने माघार घेतली असती तर त्याची फुटकीतुटकी जहाजं त्याच किल्ल्यासमोरून न्यावी लागली असती, म्हणून त्याचं न ऐकणं हे नुसतं धाडस नव्हतं, त्याला नकाशा समोर दिसत होता. पार्करला लांबून दिसत नव्हता. ज्याला दिसत होतं त्याने आंधळ्याचं सोंग घेतलं आणि ज्याला दिसत नव्हतं त्याने हुकूम काढला, असा उलटा मामला.

लढाई नेल्सनने जिंकली. डेन युवराजाला त्याने तहाचं पत्र लिहिलं, 'इंग्रजांचे बंधू जे डेन लोक त्यांना', असा मायना. ते पत्र घाईघाईत चिकटवायचं नाही, रीतसर लाखेने मोहोर करायची असा हट्ट धरला, लाख आणायला गेलेला माणूस वाटेत मारला गेला तर दुसऱ्याला पाठवलं. स्टुअर्टने विचारलं एवढं कशाला, तर म्हणाला साधी चिकटवायची टिकली ओली दिसली असती आणि युवराजाला कळलं असतं की आम्ही घाईत आहोत. आणि परतताना म्हणाला म्हणे की मी हुकूम मोडून लढलोय, कदाचित मला फाशी देतील, देऊ देत. फाशी राहिली बाजूला, महिन्याभरात पार्करला परत बोलावलं आणि त्याची खुर्ची नेल्सनला मिळाली. इंग्रजांची अडीचशेवर माणसं मेली, डेन लोकांची त्याहून जास्त. आणि ज्या एकीसाठी हे झालं तिचा मुख्य खांब, रशियाचा झार पॉल, त्याचा मार्चच्या शेवटीच त्याच्याच दरबारातल्या लोकांनी खून केला होता. बातमी कोपनहेगनला पोचायला उशीर झाला एवढंच. पोचली असती तर ही लढाई बहुतेक झालीच नसती, आणि मला त्या वाक्प्रचारामागे ही गोष्ट सापडली नसती.

मध्येच एक सांगून टाकतो, कारण मला ते सापडल्यावर फार आनंद झाला. हा नेल्सन सोळा वर्षांचा पोरगा असताना आपल्याकडे येऊन गेलाय. 'सीहॉर्स' नावाच्या जहाजावर मिडशिपमन, म्हणजे शिकाऊ अधिकारी होता, १७७५ च्या सुरुवातीला कंपनीचे पैसे घेऊन ते जहाज मुंबईला निघालं, वाटेत १९ फेब्रुवारीला हैदर अलीच्या दोन गलबतांनी गाठलं आणि थोडी गोळाबारी झाली, ही त्याची आयुष्यातली पहिली चकमक. तेव्हाच रघुनाथरावांच्या कारणाने पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटत होतं आणि इंग्रजांचं आरमार त्या कामाला लागलं होतं. पुढच्या वर्षी त्याला मलेरियाने असा धरला की 'डॉल्फिन' नावाच्या जहाजात घालून घरी पाठवावं लागलं. पुढे १७९८ मध्ये त्याने नाइलच्या मुखाशी फ्रेंच आरमार जाळलं तेव्हा खास माणूस खुष्कीच्या मार्गाने पाठवून मुंबईच्या गव्हर्नरला पत्र धाडलं की फ्रेंचांचा पहिला डोळा मुंबईवर होता, आता काळजी नको. कंपनीने त्याला त्याबद्दल दहा हजार पौंड दिले. म्हणजे आपल्या डासांनी जरा जास्त मन लावून काम केलं असतं तर इतिहास बराच वेगळा झाला असता.

असो. मुद्दा असा की त्या एप्रिलच्या दुपारी आंधळा डोळा केला तो खालच्याने, वरच्याच्या हुकमाकडे. चुकलं असतं तर मान त्याची जाणार होती. आणि तो डोळा त्याचा स्वतःचा होता, त्याची किंमत त्याने आधीच भरलेली होती, म्हणून तर 'हक्क' हा शब्द. आज तोच वाक्प्रचार पेपरात उघडून बघा. पोलिसांनी कानाडोळा केला, पालिकेने केला, बँकेने केला, बोर्डाने केला. वरचे करतात, खाली चाललेल्या गोष्टीकडे. डोळे दोन्ही ठणठणीत असतात आणि मान जाते ती तिसऱ्याचीच. दोनशे वर्षांत गोष्टीने अख्खी कूस बदलली आणि कुणी हू की चू केलं नाही.

आपला कानाडोळा मात्र नेल्सनकडून उसना घेतलेला नाही, हा अगदी घरचा शब्द. लहानपणी मला वाटायचं कान अधिक डोळा, म्हणजे ऐकायचंही नाही आणि बघायचंही नाही, अजूनही पुष्कळांना तसंच वाटतं. तसं नाहीये, तो काणा डोळा आहे. काणा म्हणजे एका डोळ्याने अधू, संस्कृतातलं काण. म्हणजे आमच्या जमातीच्या नावावरच अख्ख्या मराठी भाषेने बघून न बघितल्यासारखं करायचं खातं उघडलंय. डोळेझाक करतात तेव्हा निदान डोळे मिटावे तरी लागतात, डोळ्यांवर कातडं ओढायला कातडं लागतं, कानाडोळ्याला काहीच लागत नाही, एक डोळा उघडाच असतो आणि त्याला सगळं दिसत असतं. आणि गंमत म्हणजे आपल्याकडचा सगळ्यात नावाजलेला एकाक्ष, तो शुक्राचार्य, त्याने बरोबर उलटं केलं होतं. वामन कोण आहे हे त्या एकट्याला दिसलं, त्याने बळीला सावध केलं, राजाने ऐकलं नाही, म्हणून झारीच्या तोंडात जाऊन बसला, दानाचं पाणीच पडू नये म्हणून. त्यात दर्भाची काडी घुसून डोळा गेला. आणि आपण त्याचं नाव कशाला वापरतो, तर चांगल्या कामात खोडा घालणाऱ्याला. बिचाऱ्याला इन्स्पेक्टरचा ॲवॉर्ड द्यायचा सोडून.

माझ्या आजीलाही एकच डोळा होता. वाईजवळ आमचं गाव, ती पाच-सहा वर्षांची असताना देवी आल्या, जीव वाचला पण डावा डोळा गेला आणि चेहऱ्यावर व्रण राहिले. त्या डोळ्यावर पांढरं पडलं होतं, आम्हा नातवंडांना त्याचं काही वाटायचं नाही, आजीचा डोळा तसाच असतो एवढंच. मे महिन्यात आम्ही दहा-अकरा पोरं जमायचो. आजी माजघरात पाटावर बसून निवडण-टिपण करत असायची आणि तिच्या डावीकडे, भिंतीला लागून, लाडवांचा पितळी डबा. आमचं ठरलेलं तंत्र होतं, एकाने उजवीकडून जाऊन आजीला काहीतरी विचारायचं, दुसऱ्याने डावीकडून सरपटत येऊन डबा उघडायचा. झाकण करकरायचं. आजी तांदळातले खडे वेचत असायची. आम्हाला वाटायचं आपण काय हुशार आहोत.

आजी गेल्यावर तेराव्याला आत्या सांगत होती, की डबा खरं म्हणजे आत फडताळात असायचा, पोरं आली की आई तो बाहेर काढून डाव्या अंगाला ठेवायची. मी एकदा उचलून उजवीकडे ठेवला तर माझ्यावर ओरडली, आहे तिथे राहू दे, असं. सगळे हसले, मीही हसलो. मग स्वयंपाकघरातून धाकटी काकू आली आणि हसणं थोडं कमी झालं.

कारण धाकटा काका. तोही आजीच्या डाव्या बाजूलाच होता म्हणायचं. संध्याकाळी उशिरा यायचा, मागच्या दाराने, ओसरीवर वास यायचा तो आम्हा पोरांनाही यायचा. आजीच्या नाकाला तर देवींनी काही केलं नव्हतं. ती वाती वळत बसायची आणि म्हणायची दमून आलाय, जेवायला वाढ गं. काकू काही बोलली तर, होतं हळूहळू सगळं नीट. पंधरा वर्षं हे चाललं. शेवटी शेवटी काविळीने डोळे हळदीसारखे झाले होते काकाचे, पोट फुगलेलं, आणि बेचाळिसाव्या वर्षी गेला. आजी त्याच्यानंतर सहा वर्षं होती. या सहा वर्षांत तिने लाडू केल्याचं मला आठवत नाही, पण तोवर आम्हीही मोठे झालो होतो, मे महिन्यात क्लास असायचे, त्यामुळे ते तसंच असेल असं नाही. काकूने आजीचं शेवटपर्यंत सगळं केलं, औषधपाणी, न्हाऊमाखू. फक्त त्या लाडवांच्या गोष्टीला ती हसत नाही, अजूनही, आणि आम्हीही आता ती गोष्ट ती नसताना सांगतो.

तर साहेब. आमचं एक गोडाऊन आहे, त्याची देखभाल माझ्याकडे येते. तिथे आगीचे लाल सिलेंडर आहेत बावीस. प्रत्येकाच्या गळ्यात एक टॅग, त्यावर रिफिलिंगची तारीख, आणि डोक्यावर घड्याळासारखा छोटा गेज, काटा हिरव्या पट्ट्यात असला पाहिजे. त्या वेळी बावीसपैकी चौदांची तारीख उलटून गेलेली आणि त्यातल्या पाचांचा काटा लालमध्ये. रिफिल करणाऱ्याचं मागचं बिल अकाउंट्सने अडवलेलं म्हणून तो येईना, पुढच्या सोमवारी ऑडिट. चेकलिस्टवर माझी सही लागते. साहेबांनी आवाज चढवला नाही की धमकी दिली नाही, उलट खांद्यावर हात ठेवून ते इंग्रजी वाक्य बोलले आणि मी हसलो आणि बावीसही ओळींवर बरोबरच्या खुणा करून सही केली. ऑडिटरने कागद बघितला, गोडाऊनमध्ये डोकावला, चहा घेतला. अडीच महिन्यांनी बिल सुटलं, रिफिलवाला आला, सगळे काटे हिरव्यात गेले. काहीही झालं नाही. हे मी मुद्दाम सांगतोय कारण अशा गोष्टीत शेवटी आग लागते असं ऐकायची आपल्याला सवय असते. आग वगैरे लागली नाही. अडीच महिने तिथे रात्रपाळीला दोन वॉचमन आणि कधीकधी पाच-सहा हमाल झोपायचे, ते रोज सकाळी उठून घरी गेले.

बायकोला मी हे सांगितलं नव्हतं, नेल्सनची गोष्ट मात्र रंगवून सांगितली होती, लाटण्यासकट. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, पण त्याने कुणाचा हुकूम मोडला होता म्हणालास? साहेबाचा, मी म्हटलं. बरं, म्हणाली आणि भाजी चिरायला लागली. तिला काही माहीत होतं की सहज विचारलं ते मला कळलं नाही, मी विचारलंही नाही.

परवा गोडाऊनमध्ये नवीन पोरगा जॉइन झाला, त्याला सगळं दाखवत होतो. मधल्या लांब गल्लीतून जाताना तो म्हणाला, सर तुम्ही असे एकदम भिंतीला घासून का चालता? मी म्हटलं सवय. तो पुढे गेल्यावर मी मागे वळून बघितलं. त्या गल्लीत सिलेंडर एकाच बाजूला लावलेत, सात की आठ, ओळीने. आत जाताना मी डाव्या भिंतीला चिकटून चालतो आणि ते सगळे उजवीकडून जातात.